रुग्णालयांतील आपत्कालीन व सामान्य विद्युत् मंडलांचे विलगीकरण

रुग्णालयातील नेहमीच्या वीजपुरवठ्यावर चालणारी विद्युत् मंडले आणि तो पुरवठा खंडित झाल्यावर जनित्राच्या साहाय्याने चालू राहणारी मंडले यांच्या तारा, नळ्या, जोडपेट्या व वितरण फलक परस्परांपासून अलग ठेवण्याच्या पद्धतीस आपत्कालीन व सामान्य मंडलांचे विलगीकरण म्हणतात. (मंडल म्हणजे विद्युत् प्रवाहाचा उगमापासून उपकरणापर्यंत जाण्याचा व परत येण्याचा पूर्ण मार्ग.) एका मंडलात निर्माण झालेला दोष, त्यामुळे लागलेली आग किंवा दुरुस्ती करताना झालेली चूक यांचा परिणाम दुसऱ्या मंडलापर्यंत पोहोचू नये, हा या विलगीकरणाचा हेतू होय.

जनित्र बसविले म्हणजे पर्यायी पुरवठ्याची सोय झाली, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अपुरा आहे. जनित्रात निर्माण झालेली वीज रुग्णाच्या खाटेपर्यंत ज्या तारांतून पोहोचावयाची, त्या ताराच सामान्य मंडलातील दोषामुळे जळून गेल्या, तर जनित्र सुरळीत चालू असूनही कृत्रिम श्वसनयंत्र बंद पडते. पर्यायी पुरवठ्याची विश्वसनीयता जनित्राच्या क्षमतेवर जितकी अवलंबून असते, तितकीच त्याच्या मार्गाच्या स्वतंत्रतेवर असते. म्हणून रुग्णालयाच्या विद्युत् रचनेत दोन उगम असणे ही पहिली आणि उगमापासून उपकरणापर्यंतचे मार्ग वेगळे असणे ही दुसरी, पण तितकीच आवश्यक अट मानली जाते.

ऐतिहासिक आढावा : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालयातील विजेचा उपयोग प्रामुख्याने दिवे, क्ष-किरण यंत्रे व निर्जंतुकीकरणाची साधने यांच्यापुरता मर्यादित होता. वीज गेल्यास शस्त्रक्रियागृहात घटमालेवरील दिवा लावून काम पुरे करता येत असे. शतकाच्या मध्यानंतर कृत्रिम श्वसनयंत्रे, हृद्‌स्पंदनाची नोंद ठेवणारी उपकरणे, हृदय-फुप्फुस यंत्रे व अपोहन यंत्रे वापरात आली आणि रुग्णाचे प्राण अक्षरशः विजेच्या सातत्यावर अवलंबून राहू लागले.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा ओंटॅरिओ प्रांत यांतील सु. तीन कोटी लोकांचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला व काही भागांत तो तेरा तासांपर्यंत बंद राहिला. न्यूयॉर्कमधील अनेक रुग्णालयांत पुरेशी पर्यायी व्यवस्था नसल्याचे या वेळी उघड झाले. त्यानंतरच्या काळात तेथील रुग्णालयांच्या अत्यावश्यक विद्युत् व्यवस्थेसंबंधीचे नियम अधिकाधिक तपशीलवार होत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने रुग्णालयांविषयीच्या आपल्या निरनिराळ्या मानकांचे एकत्रीकरण करून १९८४ मध्ये ‘एनएफपीए ९९’ हे एकच मानक प्रसिद्ध केले. याच संघटनेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेतील ५१७ वा अनुच्छेद आरोग्यसेवेच्या इमारतींतील तारजोडणीविषयी आहे. विलगीकरणाचे नियम सर्वांत स्पष्टपणे या दोन ग्रंथांत मांडलेले असल्याने पुढील विवेचनात मुख्यतः त्यांचा आधार घेतला आहे. यूरोपात व इतर अनेक देशांत आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाचे ‘आयईसी ६०३६४’ हे मानक आधारभूत धरले जाते.

भारांचे वर्गीकरण : रुग्णालयातील प्रत्येक दिवा व यंत्र जनित्रावर चालविणे बहुधा शक्य नसते आणि इष्टही नसते. अनावश्यक भार जितका जास्त तितके जनित्र मोठे लागते, इंधन लवकर संपते आणि दोष निर्माण होण्याच्या जागाही वाढतात. म्हणून विजेवर चालणाऱ्या साधनांचे प्रथम सामान्य व अत्यावश्यक असे दोन भाग करतात. अत्यावश्यक भागाच्या अमेरिकन पद्धतीनुसार पुढील तीन शाखा असतात.

(१) जीवितरक्षण शाखा : बाहेर पडण्याच्या मार्गावरील दिवे व दिशादर्शक फलक, आगीची सूचना देणारी यंत्रणा, आपत्कालीन संदेशवहन, उद्वाहकाच्या पाळण्यातील दिवा व जनित्राच्या खोलीतील दिवे यांचा हीत समावेश होतो. इमारतीतील माणसांना सुखरूप बाहेर पडता यावे, हे या शाखेचे प्रयोजन आहे. इतर कोणताही भार तिच्यावर टाकता येत नाही.

(२) निकडीची शाखा : शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रसूतिगृह, अपोहन कक्ष, हृद्‌रोग निदान कक्ष, रक्तपेढी इ. ठिकाणचे कामाचे दिवे व निवडक सॉकेट, तसेच परिचारिकेला बोलाविण्याची यंत्रणा या शाखेवर असतात. जो रुग्ण बाहेर पडू शकत नाही, त्याच्यावरील उपचार जागच्या जागी चालू ठेवणे हे हिचे प्रयोजन होय.

(३) यंत्रसामग्री शाखा : शोषण पंप, वैद्यकीय हवेचे संपीडक, संसर्गजन्य रुग्णांच्या कक्षातील वायुवीजन, उद्वाहक, तळघरातील पाणी उपसण्याचे पंप यांसारखी मोठी विद्युत् चलित्रे हिच्यावर असतात.

पहिल्या दोन शाखांना मुख्य पुरवठा खंडित झाल्यापासून दहा सेकंदांच्या आत पर्यायी वीज मिळाली पाहिजे, असा नियम आहे. तिसऱ्या शाखेतील यंत्रे थोड्या थोड्या अंतराने, काही यंत्रे तर हाताने जोडली तरी चालतात. सुरू होताना चलित्र आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या अनेकपट प्रवाह ओढते. सर्व चलित्रे एकाच क्षणी जोडली, तर जनित्राचा दाब कोसळून पहिल्या दोन शाखांनाही धक्का बसतो. ही टप्प्याटप्प्याने होणारी जोडणी त्यासाठीच असते.

आंतरराष्ट्रीय मानकात वर्गीकरणाची दृष्टी थोडी वेगळी आहे. तेथे वैद्यकीय जागांचे शून्य, एक व दोन असे गट पाडतात. ज्या जागी वीज खंडित झाल्यास रुग्णाच्या जीवितास धोका पोहोचू शकतो (उदा., शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग) ती जागा दुसऱ्या गटात येते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील दिव्याला अर्ध्या सेकंदाच्या आत पर्यायी वीज मिळावी, अशी या मानकाची अपेक्षा आहे. एंजिन सुरू होऊन स्थिर गती गाठेपर्यंत काही सेकंद जातातच. म्हणून हा अवधी घटमालेने भरून काढावा लागतो. [⟶ जनित्र, विद्युत्, विद्युत् घट].

चेंजओव्हर स्विच : सामान्य व पर्यायी पुरवठा ज्या एकाच ठिकाणी एकत्र येतात, ते ठिकाण म्हणजे चेंजओव्हर स्विच. स्वयंचलित प्रकारात मुख्य पुरवठ्याच्या दाबावर सतत लक्ष ठेवले जाते. दाब ठराविक मर्यादेखाली गेल्यास हा स्विच सु. एक सेकंद थांबतो, कारण क्षणिक घसरणीने एंजिन विनाकारण सुरू होणे योग्य नसते. त्यानंतर जनित्राला सुरू होण्याचा संकेत मिळतो, त्याचा दाब व कंप्रता योग्य झाल्याची खात्री केली जाते आणि मग भार त्याच्याकडे वळविला जातो. मुख्य पुरवठा परत आल्यावर तो स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत काही मिनिटे वाट पाहून भार पुन्हा मूळ जागी नेला जातो. दोन्ही उगम एकाच वेळी भाराला जोडले जाऊ नयेत, यासाठी नेहमीच्या रचनेत यांत्रिक अटकाव असतो. असा अटकाव नसल्यास जनित्राची वीज बाहेरील तारांत उलट शिरून तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा जीव जाऊ शकतो.

स्विच कोठे बसवावा, हा प्रश्न वरकरणी गौण वाटला, तरी विलगीकरणाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. स्विचच्या पुढे दोन्ही उगमांना एकच मार्ग उरतो. स्विच जनित्राच्या खोलीत बसवून तेथून चौथ्या मजल्यावरील अतिदक्षता विभागापर्यंत एकच केबल नेली, तर ती केबल तुटताच दोन्ही उगम निरुपयोगी होतात. तोच स्विच चौथ्या मजल्यावर बसविला व तेथपर्यंत दोन केबली निराळ्या मार्गांनी नेल्या, तर एका केबलीला इजा झाली तरी दुसरी उरते. स्विच भाराच्या जितका जवळ, तितका सामाईक मार्ग आखूड, असा हा साधा हिशोब आहे. मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक शाखेसाठी निदान एक स्वतंत्र स्विच असावा लागतो. ज्या रुग्णालयातील अत्यावश्यक व्यवस्थेचा कमाल भार १५० किलोव्होल्ट-अँपिअरपेक्षा अधिक नसतो, तेथे तिन्ही शाखांसाठी एकच स्विच चालतो.

विलगीकरणाची कारणे : दोन्ही प्रकारच्या तारा एकाच नळीतून नेल्यास खर्च व जागा वाचते, तारांवर योग्य निरोधक आवरण असल्याने धोकाही नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो का टिकत नाही हे पुढील चार कारणांवरून स्पष्ट होईल.

पहिले कारण उष्णतेचे. सामान्य मंडलात शॉर्ट सर्किट झाल्यास दोषाच्या जागी ठिणगीचा अखंड झोत निर्माण होतो व त्याचे तापमान काही हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. घरगुती व इमारतींच्या तारांवरील नेहमीचे पीव्हीसी आवरण सु. ७०° से.पर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनविलेले असते. एकाच नळीत शेजारी असलेल्या आपत्कालीन तारेचे आवरण अशा झोताने काही क्षणांत वितळते. ज्या दोषामुळे आपत्कालीन मंडलाची गरज निर्माण झाली, त्याच दोषाने ते नष्ट होते.

दुसरे कारण परतीच्या तारेचे, म्हणजे न्यूट्रलचे. दोन मंडलांसाठी एकच न्यूट्रल वापरण्याची सवय तारजोडणीत अनेक ठिकाणी दिसते. दोन्ही मंडले एकाच फेजवर असल्यास त्यांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकत्र येतात. फ्यूज केवळ फेजच्या तारेवर असल्याने न्यूट्रल मर्यादेपलीकडे तापली तरी कोणतेही संरक्षक साधन कार्य करीत नाही. मंडले निरनिराळ्या फेजांवर असली आणि सामाईक न्यूट्रल मध्येच तुटली, तर दोन्ही मंडलांतील उपकरणे एकापाठोपाठ जोडल्यासारखी होऊन त्यांवर एकत्रितपणे ४१५ व्होल्ट दाब येतो. २३० व्होल्टसाठी बनविलेल्या, कमी प्रवाह घेणाऱ्या उपकरणाच्या वाट्याला त्यातील मोठा हिस्सा येतो. रुग्णालयात असे उपकरण बहुधा नाजूक इलेक्ट्रॉनीय उपकरण असते.

तिसरे कारण दुरुस्ती करणाऱ्याच्या सुरक्षिततेचे. सामान्य मंडल बंद करून जोडपेटी उघडणाऱ्या तंत्रज्ञाला आतील सर्व तारा मृत आहेत असे वाटते. पेटीत आपत्कालीन मंडलाच्या तारा असल्यास त्या जिवंत असतात. वीज गेलेली असताना काम सुरू केले व तेवढ्यात जनित्र चालू झाले, तरी हाच प्रसंग ओढवतो. याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. कक्षातील पंखा बदलण्यासाठी एखादी तार सोडविली आणि तिच्याबरोबर पलीकडील श्वसनयंत्राचे मंडल तुटले, असे होऊ नये यासाठी पंख्याच्या पेटीत श्वसनयंत्राची तार मुळातच असता कामा नये. मंडले वेगळी असली म्हणजे एकावरील काम दुसऱ्याला न स्पर्शता करता येते.

चौथे कारण भाराच्या नियंत्रणाचे. तारा एकत्र असल्या की नवीन सॉकेट जोडताना जवळची तार निवडण्याचा मोह होतो. पाणी तापविण्याचे साधन किंवा वातानुकूलन यंत्र अशा रीतीने आपत्कालीन मंडलावर चढते. एकेक भार लहान असला, तरी काही वर्षांत त्यांची बेरीज जनित्राच्या क्षमतेच्या पुढे जाते आणि ते प्रत्यक्ष वीज गेल्याच्या दिवशीच लक्षात येते.

विलगीकरणाच्या पद्धती : अमेरिकन संहितेनुसार जीवितरक्षण व निकडीच्या शाखांची तारजोडणी सामान्य मंडलांपासून आणि परस्परांपासूनही पूर्णपणे स्वतंत्र असावी लागते. या तारा इतर कोणत्याही मंडलाच्या नळीत, पेटीत वा कपाटात शिरता कामा नयेत. यंत्रसामग्री शाखेवर मात्र हे बंधन नाही. तिच्या तारा सामान्य मंडलांच्या नळ्यांतून नेता येतात. पहिल्या दोन शाखांवर माणसांचे प्राण तत्काळ अवलंबून असतात, तर तिसऱ्या शाखेला थोडा विलंब सोसतो, हे या भेदाचे कारण आहे.

नियमाला मोजकेच अपवाद आहेत. चेंजओव्हर स्विचच्या पेटीत दोन्ही पुरवठे येणे अपरिहार्यच असते. बाहेर पडण्याच्या मार्गावरील एखादा दिवा दोन्ही उगमांवर चालणारा असल्यास त्या दिव्यात व त्याला लागून असलेल्या जोडपेटीत दोन्हींच्या तारा चालतात. एकाच शाखेच्या व एकाच स्विचपासून निघालेल्या दोन किंवा अधिक मंडलांना एकत्र नेण्यासही हरकत नसते.

अलग नळ्यांच्या जोडीला यांत्रिक संरक्षणाची अट असते. आपत्कालीन मंडलांच्या तारा सामान्यतः न वाकणाऱ्या धातूच्या नळ्यांतून न्याव्या लागतात. खनिज निरोधक असलेली धातुवेष्टित केबल, जाड भिंतीची पीव्हीसी नळी किंवा किमान ५० मिमी. काँक्रीटमध्ये पुरलेली नळी हे त्याला पर्याय आहेत. भिंतीत खिळा ठोकताना किंवा छत दुरुस्त करताना तारेला इजा पोहोचू नये, हा त्याचा उद्देश होय. आगीत ठराविक वेळ टिकून राहणाऱ्या केबली वापरणे, दोन्ही पुरवठ्यांच्या उभ्या वाहिन्या इमारतीच्या निरनिराळ्या भागांतून नेणे आणि मजले व भिंती ओलांडताना राहिलेल्या फटी अग्निरोधक द्रव्याने बंद करणे, हे उपाय अशाच प्रकारचे आहेत.

ओळखीच्या खुणांना येथे विशेष महत्त्व आहे. आपत्कालीन मंडलांच्या पेट्यांवर व फलकांवर कायम स्वरूपाची खूण असावी लागते. त्या मंडलांवरील सॉकेट वेगळ्या रंगाचे, बहुधा लाल, असतात. वीज गेल्यानंतर श्वसनयंत्राचा प्लग कोठे लावावयाचा, हे परिचारिकेला अंधुक प्रकाशातही क्षणार्धात समजले पाहिजे.

तारा वेगळ्या असूनही संरक्षक साधनांची निवड चुकली, तर दोष एका मंडलातून दुसऱ्यापर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचतो. एका खाटेजवळील दोषाने संपूर्ण मजल्याचा मुख्य मंडल खंडक (दोष निर्माण होताच मंडल आपोआप तोडणारे साधन) उघडला, तर निर्दोष खाटांचीही वीज जाते. दोषाच्या सर्वांत जवळचा खंडक प्रथम उघडावा व त्यामागील खंडक बंद राहावेत, अशी जुळणी करावी लागते. जनित्राकडून मिळणारा शॉर्ट सर्किटचा प्रवाह मुख्य पुरवठ्याच्या मानाने बराच कमी असल्याने ही जुळणी दोन्ही उगमांसाठी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते. आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या गटातील जागांसाठी विलगकारी रोहित्राची योजना सांगितली आहे. त्याच्या दुय्यम बाजूची कोणतीही तार जमिनीला जोडलेली नसते. त्यामुळे तार व जमीन यांमधील पहिल्या दोषाने पुरवठा तुटत नाही, तर केवळ धोक्याची सूचना मिळते आणि हाती घेतलेली शस्त्रक्रिया पूर्ण करता येते.

खाटेजवळील दुहेरी पुरवठा : अतिदक्षता विभागातील सर्व सॉकेट आपत्कालीन मंडलावर घेतले म्हणजे रुग्ण अधिक सुरक्षित होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे करणे धोक्याचे आहे. आपत्कालीन मंडलाची स्वतःची केबल, वितरण फलक किंवा चेंजओव्हर स्विच नादुरुस्त होऊ शकतो. अशा वेळी बाहेरचा मुख्य पुरवठा चालू असूनही खाटेजवळ वीज नसते. म्हणून अमेरिकन संहितेनुसार रुग्णाच्या प्रत्येक खाटेजवळ निकडीच्या शाखेचे व सामान्य पुरवठ्याचे असे निदान दोन मंडल असावे लागतात. काही परिस्थितीत सामान्य मंडलाऐवजी दुसऱ्या स्वतंत्र चेंजओव्हर स्विचवरील निकडीचे मंडल चालते. २०१४ च्या आवृत्तीपासून सर्वसाधारण कक्षातील प्रत्येक खाटेजवळ किमान ८, अतिदक्षता विभागातील खाटेजवळ १४ व शस्त्रक्रियागृहात ३६ सॉकेटांची तरतूद सांगितली आहे. विलगीकरणाचा खरा लाभ येथे दिसून येतो. दोन्ही मार्ग शेवटपर्यंत वेगळे राहिले असतील, तरच एक बंद पडल्यावर हात लांब करून दुसऱ्याचा आधार घेता येतो.

समान कारणाने होणारे अपयश : तारा वेगवेगळ्या नळ्यांतून गेल्या, तरी दोन्ही व्यवस्था एकाच संकटाच्या टप्प्यात असतील, तर विलगीकरण कागदावरच राहते. पूर हे त्याचे ठळक उदाहरण होय. जून २००१ मध्ये ॲलिसन या उष्ण कटिबंधीय वादळाने अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात अतिवृष्टी होऊन तेथील मेमोरिअल हर्मन रुग्णालयाची वीज गेली. जनित्रे पुराच्या पातळीच्या वर असली, तरी स्विचसामग्री तळघरात होती. पाचशेहून अधिक रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीअन्समधील मेमोरिअल मेडिकल सेंटर पुराने वेढले गेले आणि ३१ ऑगस्टच्या पहाटे तेथील जनित्रांचा पुरवठाही थांबला.

२९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळाच्या लाटेने न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाचे तळघर पाण्याखाली गेले. जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती; परंतु त्यांना इंधन चढविणारे पंप तळघरात होते. कर्मचारी व सैनिक यांनी जिन्यावर माणसांची साखळी करून डीझेलचे डबे हातोहात तेराव्या मजल्यावर पोहोचविले. पुढील काही दिवसांत सु. सातशे रुग्णांचे स्थलांतर करण्यात आले. जवळच्याच एनवाययू लँगोन वैद्यकीय केंद्रातून त्याच रात्री सु. तीनशे रुग्ण हलविण्यात आले. त्यांत अतिदक्षता विभागातील वीस नवजात बालकेही होती. इंधन, शीतलन, नियंत्रण तारा व स्विचसामग्री यांपैकी कोणतीही एक कडी असुरक्षित राहिली, तर उंचावरील जनित्र निरुपयोगी ठरते, हे या घटनांवरून दिसून आले. म्हणून विलगीकरणाचा विचार आता केवळ तारांपुरता न ठेवता पर्यायी पुरवठ्याच्या सर्व घटकांना लागू केला जातो.

भारतातील स्थिती : भारतीय मानक संस्थेची राष्ट्रीय विद्युत् संहिता १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली व पुढे २०११ आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. इमारतींतील तारजोडणीविषयीचे ‘आयएस ७३२’ हे मानक, २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता आणि केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम यांचाही रुग्णालयांशी संबंध येतो. भारतीय मानकांचा ओढा सामान्यतः आंतरराष्ट्रीय मानकाकडे आहे. सुरक्षा व्यवस्थेची मंडले इतर मंडलांपासून स्वतंत्र असावीत आणि एका मंडलातील दोषाचा, कामाचा किंवा फेरबदलाचा दुसऱ्याच्या कार्यावर परिणाम होऊ नये, हे आंतरराष्ट्रीय मानकातील तत्त्व वर दिलेल्या अमेरिकन नियमांहून मूलतः वेगळे नाही.

३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील वीजजाळी कोसळून कोट्यवधी लोकांचा पुरवठा बंद पडला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशातील वीज कोविड साथीच्या ऐन काळात काही तास गेली आणि रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. जनित्रांची आवश्यकता अशा प्रसंगांमुळे सर्वांना पटलेली आहे. तारांच्या मार्गांकडे मात्र तितके लक्ष दिले जात नाही. जुन्या इमारतींत टप्प्याटप्प्याने झालेली वाढ, मूळ आराखड्यांचा अभाव व घाईने केलेल्या जोडण्या यांमुळे कोणते सॉकेट कोणत्या मंडलावर आहे, हे सांगणे अनेकदा कठीण जाते.

रुग्णालयातील आगींनी या प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके मृत्यू पावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत अकरा रुग्ण दगावले. प्रत्येक आगीची परिस्थिती वेगळी असते व केवळ तारांच्या विलगीकरणाने आग टळते असे नाही. तथापि जेथील रुग्ण स्वतः हालचाल करू शकत नाहीत, अशा विभागात पेटलेल्या मंडलाची वीज तोडल्यानंतरही बाहेर पडण्याच्या मार्गावरील दिवे, धोक्याची घंटा व शेजारच्या कक्षांतील श्वसनयंत्रे चालू राहणे अत्यंत गरजेचे असते. मंडले वेगळी असल्याशिवाय हे शक्य होत नाही. ती एकत्र असतील, तर आग विझविण्यासाठी वीज तोडावी की रुग्णांसाठी ती चालू ठेवावी, असा पेच निर्माण होतो.

चाचणी व देखभाल : अमेरिकन मानकांनुसार जनित्र संच दरमहा भारासह निदान तीस मिनिटे चालवून पाहावा लागतो व हा भार सामान्यतः त्याच्या क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी नसावा. दर छत्तीस महिन्यांनी सलग चार तासांची चाचणी घेतात. भाराविना एंजिन चालवून घेतलेली चाचणी फसवी असते. तिच्यामुळे चेंजओव्हर स्विच व त्यापुढील तारजोडणी यांची परीक्षा होत नाही आणि डीझेल एंजिनात अर्धवट जळालेल्या इंधनाचा थर साचतो.

विलगीकरणाची तपासणी याहून अवघड असते, कारण ते बिघडल्याचे कोणतेही लक्षण नेहमीच्या वापरात दिसत नाही. चुकीच्या मंडलावर जोडलेला दिवाही तितकाच चांगला प्रकाश देतो. रात्रीच्या वा कमी कामाच्या वेळी, रुग्णांच्या सुरक्षिततेची व्यवस्था करून, एकेक मंडल क्रमाने बंद करणे व कोणती साधने थांबतात याची नोंद घेणे, ही यासाठी खात्रीची पद्धत होय. या नोंदींवरून तयार केलेला आराखडा वितरण फलकाजवळ ठेवतात व प्रत्येक फेरबदलानंतर तो सुधारतात. नवीन इमारतीत विलगीकरण साधण्यास अधिक नळ्या व अधिक जागा एवढाच जादा खर्च येतो. जुन्या व चालू रुग्णालयात मात्र एकेक कक्ष रिकामा करूनच हे काम करावे लागते. म्हणून इमारतीचा आराखडा तयार होत असतानाच विद्युत् अभियंता, वास्तुशिल्पज्ञ व वैद्यकीय प्रशासक यांनी कोणते साधन किती वेळ विजेविना चालू शकेल हे एकत्रितपणे ठरविणे आणि मंडलांची विभागणी त्यानुसार करणे श्रेयस्कर ठरते.